टायरची हवा रोज कमी होतेय आणि खिळा सापडत नाही? आधी वॉल्व्ह बघा

एकाच टायरची हवा रोज ४-५ पीएसआय उतरते पण पंक्चर कुठेच दिसत नाही, तेव्हा चाक खोलून घ्यायच्या आधी हे करा. मे महिन्यात आम्ही दोघं पुण्याहून कॅम्पर व्हॅन घेऊन निघालो, शिरवळला हवा भरली, खंबाटकी घाट उतरून वाईजवळच्या मेणवलीचा नदीकाठचा घाट बघून येतोय तर मागचं डावं चाक परत बसलेलं. बायको म्हणाली, "भांड्यांचा साबण आहे ना आपल्याकडे?"

१. वॉल्व्हचं टोपण काढा, साबणाच्या घट्ट पाण्याचे दोन थेंब तोंडावर सोडा. मिनिटभर नीट बघत बसा, बारीक गळती असेल तर फुगा अगदी हळू, मोहरीएवढाच येतो.

२. फुगा आला तर आतली पिन सैल झालीय किंवा खराब. पिन फिरवायचा छोटासा पाना मिळतो, त्याने हलकेच आवळा, जास्त जोर लावू नका.

३. परत साबण लावा. तरी फुगा येतोय तर पिनच बदला, पंक्चरवाल्याकडे किरकोळ पैशात होतं (आमचं तेच निघालं, उगाच दोनदा हवा भरत बसलो).

वॉल्व्ह ठीक असेल तर मग हेच पाणी टायरभर आणि रिमच्या कडेला मारा.

एक लक्षात ठेवा, फुगे टायरच्या बाजूच्या भिंतीतून येत असतील तर तिथे पंक्चरचा रबरी प्लग मारून घाटरस्त्यात जाऊ नका, स्टेपनी लावा. आणि हवा सकाळी गाडी हलवायच्या आधीच मोजा, तापलेला टायर जास्तच दाखवतो.