पंपाची वीज मधूनच जाते: दोष पकडण्याआधीची तयारी

जुना ट्रक चालता चालता बंद पडतो, दहा मिनिटं उभा केला की काहीच झालं नसल्यासारखा सुरू होतो, आणि आपण मीटर घेऊन बसलो की दिवसभर एकदाही कुरकुरत नाही. टाकीत बसवलेल्या इलेक्ट्रिक फ्युएल पंपाची वीज मधूनच जात असेल तर हे असंच चालतं. असा दोष हजर असतानाच पकडावा लागतो. गाडी बंद पडल्यावर हातात जेमतेम पाच-दहा मिनिटं असतात, म्हणून ही सगळी तयारी त्या आधीची आहे.

सर्वात आधी एक नियम स्वतःला घालून घ्या: कशालाही हात लावायचा नाही. रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) बदलून बघू, कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून परत दाबून बसवू, स्प्रे मारू, यातलं काहीही नाही. मी एकदा टाकीवरचा कपलर नुसता काढून पुसून लावला. दोष दोन महिने गायब झाला आणि मग रात्री, भर पावसात परत आला. सैल किंवा काळवंडलेली पिन हलवली की ती थोडे दिवस नीट टेकते आणि पुरावा पुसला जातो.

गाडीत वही ठेवा. इंजिन गरम होतं की थंड, टाकीत पेट्रोल किती होतं, खड्डा लागला होता का, वळण होतं का, पाऊस होता का, हे त्याच क्षणी लिहायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी कशी मेली. पेट्रोल तुटलं तर इंजिन आधी अडखळतं, खोकतं, धक्के देतं. चावी बंद केल्यासारखं झटक्यात मेलं आणि गाडी गियरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर पडला, तर संशय इग्निशनवर किंवा क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हा सिग्नल देणारा सेन्सर) घ्या. कारण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पंपाचा रिले कंट्रोल युनिटच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, ताब्यात असतो. चावी फिरवली की ते पंप दोनेक सेकंद चालवतं आणि इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही तर बंद करतं. सेन्सर तापून सिग्नल देणं बंद करत असेल तर पंपाची वीज जातेच, आणि वायरिंगमध्ये शोधायला काहीच नसतं. म्हणून स्पार्क टेस्टरही सोबत हवा. पंप आणि स्पार्क एकदमच गेले तर टाकीकडे जायची घाई नको.

वायरिंगचा नकाशा त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या गाडीचा मिळवा. बॅटरीपासून पंपापर्यंतची वाट पेनने रंगवा: फ्यूज, रिले, मधले कपलर, पंपाची अर्थ वायर (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) चेसिसला कुठे जोडली आहे ते. काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो, काहींत ऑइल प्रेशर स्विचमधून पंपाला दुसरी वाट दिलेली असते, आणि दोन टाक्या असतील तर टाकी बदलायचा स्विचही त्याच वाटेवर असतो. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते आधीच माहीत हवं.

आता मुख्य काम. नुसता मल्टिमीटर इथे फसवतो. तो इतका कमी करंट घेतो की वायरीचा एकच तंतू उरला असला तरी 12 व्होल्ट दाखवतो, आणि त्याच वायरीवर पंपाचा 5-6 अँपिअरचा भार आला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून बल्बचा टेस्ट लॅम्प घ्या. रस्त्यावरच्या शोधासाठी 5 वॅटचे दोन छोटे बल्ब केबिनमध्ये लावा. एकाची वायर रिलेच्या 87 नंबरच्या, म्हणजे पंपाकडे वीज सोडणाऱ्या, पिनवरून घ्या, दुसऱ्याची पंपाच्या कपलरजवळच्या पुरवठ्याच्या वायरीवरून. दोन्ही बल्बांची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि वायर जिथून घेतली तिथेच प्रत्येकीला 2 अँपिअरचा फ्यूज. वायरी सायलेन्सर आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब, चेसिसला बांधून न्या. जोडणी करताना बॅटरीचं निगेटिव्ह सोडलेलं हवं. टाकीजवळ ठिणगी चालत नाही. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा. कंट्रोल युनिटकडून रिलेला येणाऱ्या वायरीवर मात्र बल्ब लावायचा नाही, आतलं सर्किट जळू शकतं. तिथे फक्त मल्टिमीटर.

बल्बांवर नजर ठेवायला शेजारी दुसरा माणूस बसवा, चालकाची नजर रस्त्यावरच. इंजिन अडखळताना दोन्ही बल्ब विझले तर दोष रिलेत, त्याच्या आधी किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. पहिला जळतोय आणि दुसरा विझला तर मधली वायर, कपलर किंवा इनर्शिया स्विच. दोन्ही जळतात आणि पंप मुका, तर अर्थ गेली आहे किंवा पंपच मेला आहे. इथे क्रम फार महत्त्वाचा: इंजिन थांबल्यावर कंट्रोल युनिट पंप बंद करतंच, तेव्हा बल्ब विझणारच. आधी बल्ब विझला की आधी इंजिन अडखळलं, एवढंच सोबत्याने सांगायचं.

अर्थचा संशय आला तर बल्ब जळत असतानाच पंपाच्या अर्थ वायरीवर, पंपाजवळ, मल्टिमीटर लावा. दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. शून्याच्या आसपास असेल तर अर्थ ठीक. जवळजवळ 12 व्होल्ट आले तर चेसिसवरचा तो बोल्ट गंजलाय किंवा वायर आत तुटलीय.

दोष पकडायला रस्त्यावर निघायच्या आदल्या दिवशी, गाडी नीट चालत असताना, पंप चालू ठेवून आकडे घ्या. बॅटरीवर किती आणि पंपावर किती? फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, एक व्होल्टच्या वर गेला तर दोष आत्ताच दिसायला लागलाय. अर्थच्या बाजूचा ड्रॉप, म्हणजे वाटेत कमी होणारं व्होल्टेज, 0.2 व्होल्टच्या आत हवा. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) पंपाचा करंटही लिहून ठेवा. बंद पडल्यावरचा आकडा कशाशी ताडायचा, तर याच्याशी.

सोबत घ्यायचं: पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक, डोक्याला बांधायचा टॉर्च, चाकांना अडकवायचे ठोकळे, जॅकने उचललेल्या गाडीखाली लावायच्या घोड्या, इशारा त्रिकोण, आणि तुमच्या इंजिनाला बसणारा फ्युएल प्रेशर गेज. टाकी खाली घ्यायची वेळ आलीच तर पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणलेलं हवं.

बल्बांनी जागा दाखवली की मग हात लावा. रिलेकडे बोट असेल तर तो काढून सॉकेटची घरं उजेडात बघा. भाजल्यासारखी तपकिरी कड, बाजूला जरा वितळलेलं प्लास्टिक. तेवढ्याच रुंदीची मोकळी पिन घरात सरकवा. ती धरून ठेवली पाहिजे, अलगद बाहेर आली तर स्प्रिंग मेलीय आणि नवा रिले टाकूनही उपयोग नाही. रिलेचं झाकण उघडता येत असेल तर पिनांच्या मुळाशी सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते का ते भिंगाने बघा. गरम झाली की उघडते, थंड झाली की मिटते.

दुरुस्तीनंतर बल्ब लगेच काढू नका. ज्या हवेत, ज्या रस्त्यावर, जेवढ्या पेट्रोलवर गाडी बंद पडत होती ते वहीत आहेच. त्याच परिस्थितीत पुन्हा फिरवा, आणि आदल्या दिवशीचे आकडे परत घेऊन शेजारी लिहा.