‘राजा ईडिपस’ वाचताना नियती आणि गर्व वेगळे कसे काढावेत

ग्रीक नाटककार सॉफक्लीजचं हे नाटक जेमतेम १५३० ओळींचं आहे. समासात ओळींचे आकडे छापलेलं भाषांतरच घ्या. आधी एकदा न थांबता वाचून काढा. दुसऱ्या वाचनाला निळी आणि लाल अशा दोन पेन्सिली लागतील.

त्याआधी एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे नाटक सुरू होण्यापूर्वी घडलेलं लिहा: पोटच्या मुलाच्या हातून मरशील हा लायसला, म्हणजे ईडिपसच्या बापाला, मिळालेला अपोलो देवाचा कौल, घोटे टोचून किथेरॉन डोंगरावर टाकायला दिलेलं तान्हं मूल, तिठ्यावरचा खून, स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं, आईशी लग्न. उजवीकडे आपल्यासमोर घडतं ते: साथ, चौकशी, टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याशी भांडण, कॉरिंथहून आलेला निरोप्या, ईडिपसची आई आणि बायको योकास्टाचा गळफास, फोडून घेतलेले डोळे. आता डावी बाजू पुन्हा वाचा. बापाची हत्या, आईशी लग्न, कौलातलं सगळं तिथेच उरकलेलं आहे. रंगमंचावर ईडिपस फक्त शोध घेतो, आणि तो थांबवायची संधी त्याला अनेकदा मिळते.

निळी पेन्सिल नियतीला. ग्रीक शब्द ‘मोइरा’, मूळ अर्थ वाटा. आपण ‘वाट्याला आलं’ म्हणतो ते इथे चपखल बसतं. ‘प्रारब्ध’ मात्र टाळा. प्रारब्ध म्हटलं की मागचं कर्म आलं, आणि ईडिपसच्या खात्यावर तसं काही नाही. कौल त्याच्या जन्माआधीचा आहे.

लाल पेन्सिल गर्वाला, आणि इथेच बहुतेकांचा हात घसरतो. ‘ह्यूब्रिस’ म्हणजे मनातली घमेंड एवढंच नव्हे. दुसऱ्याला तुडवणारं, त्याचा अपमान करणारं मुजोर वागणं म्हणजे ह्यूब्रिस. अथेन्समध्ये त्याबद्दल खटला भरता येई. म्हणून आठव्या ओळीत ईडिपस स्वतःला सगळ्यांत नामांकित म्हणवतो तिथे लाल रेघ मारू नका. संकटात प्रजा ज्याच्या दाराशी आली आहे, तो राजा बोलतोय.

लाल खरी लागते ३०० ते ४६२ या ओळींत. हा प्रवेश सावकाश वाचा. टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ द्या. ईडिपस आधी विनवतो, मग चिडतो, मग खुनाच्या कटाचा आळ घेतो, पुढे त्याच्या आंधळेपणावरून हिणवतो. ३९० पासून कोड्याची फुशारकी: पक्ष्यांच्या शकुनांनी नव्हे, माझ्या बुद्धीने मी ते सोडवलं. आता ही फुशारकी बोटाने झाका आणि विचारा, ती नसती तर कौल टळला असता का? नाही. मग गर्वाने केलं काय? तू शोधतोयस तो खुनी तूच, हे ३६२ व्या ओळीत त्याला स्पष्ट सांगितलेलं असतं. रागात त्याला ते ऐकूच जात नाही.

म्हणून या नाटकाला ‘गर्वाचे घर खाली’ लावू नका. ॲरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात ईडिपसचं नाव घेताना शब्द वापरला तो ‘हामार्टिया’: नेम चुकणं, चूक. दुष्टपणा नव्हे, असं तो तिथेच बजावतो. ती म्हण लावायचीच तर एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ला लावा (इ. स. पू. ४७२). समुद्रावर पूल बांधणाऱ्या पर्शियन राजा झर्क्सीझच्या उन्मत्तपणाचं पीक अश्रूंच्या सुगीत निघतं, असं तिथे त्याच्या बापाचं भूत सांगतं.

८७३ व्या ओळीत वृंद, म्हणजे नाटकातला गाणाऱ्या नागरिकांचा समूह, म्हणतो, ह्यूब्रिस जुलमी राजाला जन्म देतं. हे नेमकं कुणाला उद्देशून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे चला.

शेवटी १३२९ ते १३३३. डोळ्यांतून रक्त वाहतंय आणि ईडिपस सांगतो: ही दुःखं घडवली अपोलोने, पण डोळ्यांवर घाव घातला तो माझ्याच हाताने. पहिल्या अर्ध्याला निळी रेघ. दुसऱ्याला लाल मारायला हात जाईल, पण थांबा: तिथे गर्व नाही, कौलात न सांगितलेली, त्याने स्वतः निवडलेली कृती आहे. तिच्यासाठी तिसरी पेन्सिल घ्या, आणि त्याच पेन्सिलीने नाटक पहिल्या ओळीपासून पुन्हा धरा.