हवाई दलासाठी पहिलं एसबीआयआर प्रपोजल कसं लिहायचं

मी ओहायोत डेटनला राहते. राइट बंधूंचं हे गाव. लागूनच राइट-पॅटरसन हवाई तळ आहे आणि अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं मुख्यालयही तिथेच. माझं काम जेट इंजिनाच्या पात्यांवरच्या सिरॅमिक लेपांचं; कंपनी लहान, पैसा बहुतेक सरकारी. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, की नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली तर एसबीआयआरचे पैसे मिळतील का? मिळू शकतात. त्यासाठी काय करायचं ते लिहिते.

एसबीआयआर म्हणजे छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी राखून ठेवलेला सरकारी पैसा. 1982 च्या कायद्याने तो सुरू झाला. ज्या खात्यांचा बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचा खर्च वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना त्यातला 3.2 टक्के भाग छोट्या कंपन्यांना द्यावा लागतो. सगळ्यात मोठा वाटा संरक्षण खात्याचा. हे कर्ज नाही आणि सरकार तुमच्या कंपनीत भागही मागत नाही. मात्र संरक्षण खात्याकडून येतं ते बहुधा कंत्राट असतं: ठरलेलं काम, ठरलेल्या तारखा, ठरलेले अहवाल. कायद्याला मुदत असते आणि अमेरिकन संसदेला ती वाढवावी लागते. म्हणून राजीनामा देण्याआधी कायदा चालू आहे का आणि नवे टॉपिक, म्हणजे ज्यांवर अर्ज मागवतात ते तांत्रिक प्रश्न, निघतायत का, ते पाहून घ्या.

पात्रता सरळ आहे. कंपनीत संलग्न कंपन्या धरून 500 पेक्षा जास्त माणसं नकोत. निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकन नागरिकांची किंवा ग्रीन कार्डधारकांची हवी. मुख्य संशोधकाची मुख्य नोकरी याच कंपनीत हवी, म्हणजे विद्यापीठात पूर्णवेळ शिकवत संध्याकाळी हे करता येणार नाही. तसं करायचं असेल तर एसटीटीआर ही बहीण-योजना बघा. तिच्यात किमान 40 टक्के काम कंपनीचं आणि किमान 30 टक्के संशोधन संस्थेचं असतं.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त अडतं ते निर्यात कायद्यापाशी. लष्करी विमानाशी संबंधित बरेचसे टॉपिक आयटार या लष्करी तंत्रज्ञानाच्या निर्यात-नियमांखाली येतात. एच-1बी व्हिसावरच्या माणसाला तो तांत्रिक तपशील दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. पुण्यातल्या मित्राच्या लॅबमध्ये स्वस्तात चाचणी करून घेऊ, हा विचारही सोडा. काम अमेरिकेतच व्हावं लागतं, आणि ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलंत तर गुन्हा होऊ शकतो. परदेशाशी असलेले आर्थिक आणि संशोधनाचे संबंध वेगळ्या फॉर्मवर जाहीर करायचे असतात. भारताशी संबंध आहे म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही. लपवलं तर मात्र नक्की होतं.

पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांना ही योजना उपलब्ध नाही. भारतात संरक्षण मंत्रालयाची 2018 पासूनची आयडेक्स योजना आणि डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड आहे, तिकडे बघा.

आधी नोंदणी करून टाका. सॅम या सरकारी यादीत नाव घालायला कधी कधी आठवडेच्या आठवडे जातात. ती पूर्ण फुकट आहे. पैसे मागणाऱ्या खासगी ईमेलना उत्तर देऊ नका. मग एसबीए या छोट्या उद्योगांच्या सरकारी संस्थेच्या कंपनी यादीत आणि शेवटी संरक्षण खात्याच्या डीएसआयपी पोर्टलवर नोंद करायची.

आता खरं काम: टॉपिक निवडणं. यादी वाचताना आपल्याकडे जे आहे ते कुठे बसेल, हे शोधू नका. हा टॉपिक कुणी लिहिला आणि त्याचं काय अडलंय, हे शोधा. प्रत्येक टॉपिकमागे सरकारी प्रयोगशाळेतला एक इंजिनिअर असतो. टॉपिक जाहीर झाल्यापासून अर्ज घेणं सुरू होईपर्यंत काही दिवस असे असतात, की त्याच्याशी थेट बोलता येतं. नाव आणि संपर्क टॉपिकमध्येच दिलेला असतो. अर्ज घेणं सुरू झालं की हे बंद, मग पोर्टलवर लेखी प्रश्न आणि सगळ्यांना दिसणारं उत्तर. या दिवसांत फोन केलाच पाहिजे. आपल्यात अनेकांना संकोच वाटतो, साहेबाला त्रास कशाला द्यायचा असं वाटतं. त्या माणसाला तुमचा फोन हवा असतो. स्वतःच्या कंपनीबद्दल दोन वाक्यं बोला आणि पुढे विचारा: आज काय वापरता, ते कुठे निकामी होतं, कोणता आकडा दिसला तर तुम्ही याला यश म्हणाल? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. फोनआधी सरकारी यादीत याच विषयावर पूर्वी कुणाला पैसे मिळाले ते वाचून ठेवा, सारांश सगळ्यांना खुले असतात.

उदाहरण माझ्या विषयातलं देते. वाळवंटी भागात उडताना इंजिन धूळ ओढतं. साधारण 1,200 अंश सेल्सिअसच्या वर ती वितळते, पात्यावरच्या लेपाच्या छिद्रांत झिरपते आणि थंड होताना लेप ताठर होऊन त्याचे पापुद्रे उडतात. नेहमीचा लेप म्हणजे वजनाने 7-8 टक्के इट्रिया मिसळलेला झिर्कोनिया. गॅडोलिनियम झिर्कोनेट वापरला तर वितळलेली धूळ त्याच्याशी अभिक्रिया करून स्वतःच वाट बुजवते, पण तो लेप ठिसूळ असतो. आता 'आम्ही अभिनव, धूळरोधक लेप विकसित करू' असं लिहिलंत तर परीक्षकाला गुण देता येत नाहीत. असं लिहा: 25 मिलिमीटरच्या चकत्या, अर्ध्यांवर जुना लेप, अर्ध्यांवर आमचा दुहेरी थर, दर चौरस सेंटिमीटरला ठरलेलं धुळीचं वजन, 1,250 अंशांवर तासाभराची आवर्तनं, मग चकती कापून धूळ किती मायक्रॉन आत गेली ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजणार. खोली निम्म्यावर आली नाही तर थरांची जाडी बदलून पुन्हा एकदा पाहणार, आणि तरीही नाही आली तर तसा अहवाल देणार. फेज वनमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, फक्त 'हे शक्य आहे का' एवढंच सिद्ध करायचं असतं. सहा महिन्यांत पूर्ण इंजिन फिरवून दाखवतो म्हणणाऱ्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही.

फेज वनमध्ये कामाचा किमान दोन तृतीयांश भाग कंपनीने स्वतः करायचा. विद्यापीठाचा सूक्ष्मदर्शक भाड्याने घ्या, पण पैशांचं गणित त्या मर्यादेत ठेवा. बजेटमध्ये पगार, ओव्हरहेड (भाडं, वीज असा कंपनीचा सामाईक खर्च) आणि थोडा नफाही धरता येतो. नफा मागायला लाजू नका. हवाई दलाच्या फेज वनची रक्कम बहुधा दोन लाख डॉलरच्या आत असते. टाइमशीट पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज भरा, कारण फेज टूमध्ये, म्हणजे पुढच्या मोठ्या टप्प्यात, सरकारी हिशेब तपासनीस येऊ शकतात.

अर्जाची मुदत पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने दुपारी 12 ला संपते, रात्री 12 ला नाही. आदल्या दिवशी पाठवा.

कंत्राट मिळालं की प्रत्येक अहवालावर एसबीआयआर डेटा हक्कांचा ठरलेला मजकूर छापा. या हक्कांमुळे तुमची तांत्रिक माहिती 20 वर्षं सुरक्षित राहते. सरकार ती तुमच्या स्पर्धकाला देऊ शकत नाही. मजकूर छापला नाहीत तर हे संरक्षण हातचं जाऊ शकतं. छोट्या कंपनीकडे याहून मोलाचं काही नसतं, म्हणून हे काम कुणावर सोपवू नका, स्वतः बघा.

फेज वनच्या पहिल्याच बैठकीत विचारा, की हा लेप शेवटी कोणत्या इंजिनावर जाणार आणि त्या इंजिनाची देखभाल कोणतं कार्यालय बघतं. फेज थ्रीमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या टप्प्यात, एसबीआयआरचा पैसा नसतो, पण पुन्हा स्पर्धा न लावता थेट तुम्हाला कंत्राट देण्याची मुभा सरकारला असते. ते देणारा माणूस त्या कार्यालयात बसतो, प्रयोगशाळेत नाही. पहिल्या चकतीचा फोटो हाती आला की, प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरची परवानगी घेऊन, त्या कार्यालयाची वेळ मागा.