नवीन आलेल्यांनो, फॅफ्सा भरा, आणि सातबारा नीट बघून भरा

आपल्या परभणी, नांदेड, बीडकडून भावाच्या नाहीतर बहिणीच्या पिटिशनवर, म्हणजे त्यांनी ग्रीन कार्डासाठी टाकलेल्या अर्जावर, न्यू जर्सीत आलेली कुटुंबं आता बरीच दिसायलेत. अर्ज टाकून पंधरा-पंधरा वर्षं वाट बघितलेली असते, त्यामुळं येईपर्यंत पोरं सोळा-सतराची होतात आणि विमानातून उतरून वर्ष-दीड वर्ष झालं की कॉलेज दारात. फीचा आकडा बघितला, त्याला रुपयानं गुणलं, की घरात वावर विकायची भाषा सुरू होते. वावर विकू नका. आधी फॅफ्सा भरा, म्हणजे कॉलेजच्या खर्चाला सरकारी मदत मागायचा फॉर्म. मी मूळची सेलूची, माझी दोन्ही लेकरं इथंच शिकली, आणि ही गोष्ट मी भिशीत, गणपतीत, दुकानात भेटेल तिथं सांगते, तरी दर वर्षी कुणीतरी न भरता राहतंच.

फॅफ्सा हा फेडरल सरकारचा फॉर्म आहे, स्टुडंटएड डॉट गव्ह या साइटवर, एकदम फुकट. ह्या एका फॉर्मवरून पेल ग्रँट, फेडरल लोन, वर्क-स्टडी (शिकता-शिकता काम करून मिळणारा पगार) आणि राज्याची मदत, सगळं ठरतं. पेल ग्रँट परत करायची नसते, 2026-27 साठी ती जास्तीत जास्त 7,395 डॉलर आहे. फॉर्म साधारण ऑक्टोबरला उघडतो आणि पोरगं बारावीला, म्हणजे इथल्या सीनियर इयरला असतानाच भरायचा असतो. ॲडमिशन झाल्यावर बघू असं करू नका, काही कॉलेजांचे स्वतःचे पैसे आधी येणाऱ्याला आधी असे वाटले जातात.

आता माझं ठाम मत सांगते, कुणाला राग आला तरी चालेल. इथं वीस-वीस वर्षं राहिलेली आपली माणसं तुम्हाला सांगतील, "आपल्याला काही मिळत नाही, फॉर्म भरून उपयोग नाही." ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच काही मिळालं नाही, कारण त्यांच्या घरात दोन सॉफ्टवेअरचे पगार होते. तुमच्या घरात ते नाहीत. तुम्ही वेअरहाउसमध्ये नाहीतर ग्रोसरीत तासावर काम करताय, बाई डेकेअरमध्ये आहे, तर त्यांचं गणित तुम्हाला लागूच होत नाही. पुण्या-मुंबईकडून कंपनीनं आणलेल्या माणसाचा सल्ला क्रेडिट कार्डाबद्दल घ्या, गाडीबद्दल घ्या, फॅफ्साबद्दल घेऊ नका.

शिवाय फॅफ्सा दोन वर्षं जुनं उत्पन्न बघतो. 2026-27 च्या फॉर्मला 2024 चं उत्पन्न लागतं. म्हणजे तुम्ही 2025 ला आला असाल तर तिकडचाच पगार लिहायचा, डॉलरमध्ये करून. संस्थेच्या शाळेत मास्तर होतात, वर्षाला साडेसात लाख मिळत होते, तर ते आठ-नऊ हजार डॉलर भरतात. एवढ्या उत्पन्नावर पूर्ण पेल मिळायची शक्यता खूप मोठी असते. म्हणून गाव सोडतानाच मागच्या तीन वर्षांची आयटीआर, फॉर्म सोळा आणि महिन्या-महिन्याच्या पगाराच्या स्लिपा सोबत घ्या, कारण तिकडचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, कॉलेजनं पडताळणीला बोलावलं तर हिशेब जुळवून द्यावा लागतो. फक्त शेती होती आणि रिटर्न कधी भरलंच नाही, अशांनी अंदाजानं काही लिहू नका, कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा, दोन वर्षांनी तुमचा इथला पगार मोजला जाईल, तेव्हा मदत कमी होईल, घरखर्च तसा आखा.

आता सातबारा. ह्याच्यावर लिहावं तेवढं कमी आहे. फॉर्ममध्ये आईबापाची मालमत्ता विचारतात, बँकेतले पैसे, गुंतवणूक, राहत्या घराशिवायची जमीन-जागा. काही कमी उत्पन्नाच्या घरांना हे प्रश्न येतच नाहीत, पण ज्यांना येतात तिथं आपली माणसं गडबड करतात. माझ्या माहितीतलं नांदेडकडचं एक कुटुंब, दोघंही इथं कामाला लागून तीन वर्षं झालेली, उत्पन्न बेताचं. बापानं फॉर्ममध्ये गावाकडची सगळी जमीन लिहिली, चार भावांची, सामाईक, आणि भावही लावला महामार्गालगतच्या प्लॉटिंगचा, जवळजवळ तीन कोटी. त्यांच्या मते ते प्रामाणिकपणानं लिहीत होते, आणि गावात आपली जमीन किती हे सांगताना कुणी हिस्सा काढून सांगतं का हो. कॉम्प्युटरला काय, त्यानं एवढी मालमत्ता बघितली आणि पेल शून्य केली. वर्ष संपल्यावर ते लक्षात आलं. तोवर आईबापाच्या नावावर पॅरेंट प्लस लोन काढलं गेलं होतं, आणि ते लोन व्याजासकट अजून फेडायलेत.

तर जे तुमच्या नावावर आहे, तुमचा जेवढा हिस्सा आहे, तेवढंच लिहायचं, त्यावर सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज जमीन तारण ठेवून घेतलेलं असेल तर ते वजा करून. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही, अशी आपल्याकडं निम्मी घरं असतात, त्यांनी उताऱ्याची कॉपी आणि दोन ओळींचं इंग्रजी स्पष्टीकरण तयार ठेवून एड ऑफिसला विचारूनच भरायचं. उलटं पण सांगते, तुमच्या नावावरची जमीन लपवू नका. अमेरिकेला परळीची जमीन काय दिसणार, असं बोलणारे भेटतील. खोटी माहिती दिली तर 20,000 डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, पुढं सिटिझनशिपचा अर्ज करायचाय.

अजून एक, आजोबा प्रेमानं दोन एकर नातवाच्या नावावर करायलेत असं असेल तर थोडं थांबवा. मुलाच्या स्वतःच्या मालमत्तेचा 20 टक्के भाग दर वर्षी फीसाठी उपलब्ध धरतात, आईबापाच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त 5.64 टक्के. तीच जमीन, नाव बदललं की मुलाचं नुकसान. पोराच्या खात्यावर एफडीचे पैसे टाकणाऱ्यांनाही हेच लागू.

नावांचं बघा. आपल्याकडं आधार कार्डावर एक, टीसीवर एक, पासपोर्टवर वेगळंच. फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं छापलंय तसंच लिहायचं, नवऱ्याचं नाव मधे असेल तर मधेच. मुलाचं आणि आईबापाचं अकाउंट वेगवेगळं, प्रत्येकाचा ईमेल वेगळा, फोन नंबर वेगळा, एकाच नंबरवर दोन अकाउंट होत नाहीत. आणि टॅक्सची माहिती घ्यायला आईबापांनी संमतीचं बटण दाबलंच पाहिजे, त्याशिवाय मदतीचा हिशेबच होत नाही. ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची कॉपी तयार ठेवा.

सेतू केंद्राची सवय सोडा. महाडीबीटीला आपण सेतूवाल्याला पैसे दिले, पासवर्ड त्याच्याकडंच, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर सगळं तोच आणायचा. इथं जातीचा दाखला नाही, तहसीलदाराचा शिक्का नाही, इथल्या टॅक्सची माहिती सरकार स्वतःच आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून घेतं. तरी शंभर-दोनशे डॉलर घेऊन फॉर्म भरून देणारे आपलेच लोक आहेत. देऊ नका. मुलाच्या शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरला अपॉइंटमेंट मागा, फुकट बसून दाखवतात, इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी कुणी हसत नाही.

स्पॉन्सर भावाची भीती लई जणांना असते, की आपण सरकारी मदत घेतली तर सरकार भावाकडून वसूल करणार. ॲफिडेविट ऑफ सपोर्टमध्ये, म्हणजे भावानं तुमच्यासाठी सही करून दिलेल्या हमीपत्रात, पेल ग्रँट आणि फेडरल शिक्षण मदत धरत नाहीत. भावाचा पगारही फॅफ्सात लिहायचा नसतो, त्याच्या बेसमेंटमध्ये राहत असलात तरी. पण त्या बेसमेंटची दुसरी अडचण आहे. न्यू जर्सीची टॅग ग्रँट, म्हणजे फीसाठीची राज्याची मदत, हवी असेल तर राज्यात सलग 12 महिने राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि भावाकडं राहिलं की लाइटबिल, लीज काहीच आपल्या नावावर नसतं. आल्या-आल्या बँकेचं खातं काढा, स्टेट आयडी नाहीतर लायसन्स काढा, पत्ता तोच टाका.

कॉलेजचं अवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत मिळणार ते सांगणारं पत्र, आलं की वीस हजाराची मदत मिळाली म्हणून पेढे वाटू नका. एकाच यादीत ग्रँट, वर्क-स्टडी आणि लोन एकाखाली एक असतात. ग्रँट किती ते वेगळं काढा, लोन म्हणजे तुमचेच पैसे. पहिल्या वर्षी मुलाला फेडरल लोन जास्तीत जास्त 5,500 डॉलर मिळतं, त्यातलं 3,500 पर्यंत सबसिडाइज्ड असू शकतं, म्हणजे शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं. ते आधी घ्या. पॅरेंट प्लस अगदी शेवटी, नाही घेतलं तर सगळ्यात चांगलं. काही खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्म मागतात, तो मालमत्तेच्या बाबतीत जास्त खोलात जातो.

आणि कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, नाक मुरडू नका. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेले आपण, नाव मोठं नसेल तर गावाकडं काय सांगायचं ही चिंता आपल्याला फीपेक्षा मोठी वाटते. इथं घरचं वार्षिक उत्पन्न 65,000 डॉलरच्या आत असेल तर राज्याच्या ग्रँटमधून कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन फी माफ होऊ शकते, दोन वर्षांची असोसिएट डिग्री करून पोरं रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीला जातात आणि शेवटची डिग्री रटगर्सचीच मिळते. एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहे, बस जाते.

एच-फोरवर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसामागं आलेल्या मुलांना फेडरल मदत नाही, एमएसला एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांनाही नाही, त्यांनी थेट युनिव्हर्सिटीकडं स्कॉलरशिप नाहीतर असिस्टंटशिप विचारायची.

फॉर्म एकदा भरून संपत नाही, दर वर्षी नव्यानं भरायचा. आधीपासून टॅग घेणाऱ्यांना न्यू जर्सीत 15 एप्रिलची तारीख असते, नवीन मुलांना 15 सप्टेंबर. दुसऱ्या वर्षी एप्रिल चुकलेली घरं मी बघितलीत, कारण त्यांनी पहिल्या वर्षाची सप्टेंबरची तारीखच डोक्यात धरली होती.