काम झालं, बिल अडलं: सफाई व्यवसायातल्या तक्रारी आणि पैशांचे वाद कसे सोडवायचे

सफाईचं काम संपलं की दाखवायला फारसं काही उरत नाही. सुताराने केलेलं कपाट दहा वर्षांनीही दिसतं. पुसलेली फरशी तासाभरात कुणीतरी चपलांनी तुडवलेली असते. ‘केलं’ आणि ‘केलंच नाही’ यांतला फरक संध्याकाळपर्यंत पुसट होतो, आणि नेमकं तेव्हाच बिल ग्राहकाच्या हातात पडतं. मग तक्रार आणि पैसा यांचा गुंता होतो. आधी काय बिघडलं ते ठरवायचं, मग त्या बिघाडाची किंमत मोजायची, हा क्रम पाळला तर गुंता सुटतो. उलट्या क्रमाने गेलं की आपण घाईत सूट देऊन मोकळे होतो, डाग मात्र जिथल्या तिथे राहतो आणि ग्राहक पुढच्या वेळी सूट धरूनच चालतो.

तक्रार कुठल्या जातीची?

‘काम नीट झालं नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक गोष्ट असते: ठरलेलं काम राहून गेलं, न ठरलेलं काम ग्राहकाने गृहीत धरलं, डाग निघण्यासारखाच नव्हता, किंवा आपल्या हातून वस्तू खराब झाली. चौघांवरचा इलाज वेगवेगळा आहे, म्हणून पहिल्या फोनवर बचाव करू नका, प्रश्न विचारा. कुठली खोली, कुठला पृष्ठभाग, कधी दिसलं, सफाईनंतर तिथे कुणी काही लावलं का?

तक्रार आली त्याच दिवशी उत्तर जायला हवं, आणि ते लेखी हवं. साधारण असं:

‘आपला निरोप मिळाला. बाथरूमच्या काचेवर पांढरे डाग राहिले आहेत असं आपण कळवलंत. आपली गैरसोय झाली, याचं वाईट वाटतं. एक जवळून आणि एक लांबून असे दोन फोटो पाठवाल का? उद्या अकरा ते एकच्या दरम्यान आमचे सुपरवायझर येऊन पाहतील.’

यात दिलगिरी आहे, पण जागा पाहण्याआधी दिलेली चुकीची कबुली नाही. ‘भरपाई देऊ’ हेही अजून म्हटलेलं नाही. पाहणी शक्यतो 24 तासांत, फार तर 48 तासांत करा. त्यापुढे धूळ आपली की नंतरची, हे कुणालाच सांगता येत नाही.

पाहणीला गेल्यावर

टॉर्च न्या. ती फरशीला किंवा काचेला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. वरच्या दिव्यात न दिसणारे ओरखडे, पुसल्याचे पट्टे आणि साबणाचा थर लगेच उठून दिसतात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली स्वच्छ वाटलेली खिडकी सकाळच्या तिरप्या उन्हात मळकट दिसते, म्हणून काचांच्या बऱ्याच तक्रारी सकाळी येतात. ग्राहक खोटं बोलत नसतो, त्याने फक्त वेगळ्या प्रकाशात पाहिलेलं असतं.

वारंवार दिसणारे दोष आणि त्यांची कारणं:

फरशी चिकट लागते किंवा दोन दिवसांत पुन्हा मळते. बादलीत क्लीनर जास्त पडला आहे. सुकलेला साबण धूळ धरून ठेवतो. वरून आणखी क्लीनर मारू नका. साध्या पाण्याने, पाणी बदलत, दोनदा पुसा.

काचेवर पट्टे. उन्हात तापलेल्या काचेवर द्रावण पुसण्याआधीच सुकलं, किंवा कापड मळलेलं होतं. सावली आल्यावर स्वच्छ मायक्रोफायबरने काम पुन्हा करा. मायक्रोफायबर फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं असेल तर तेही पट्टे सोडतं.

कार्पेटचा डाग गेला आणि सुकल्यावर परत आला. जास्त पाणी तळापर्यंत गेलं, आणि सुकताना तळाचा मळ तंतूंच्या टोकाशी चढून आला. कमी पाणी वापरा, मशीनने नीट ओढून घ्या, मग त्या जागी पांढरं शोषक कापड पसरून वजन ठेवा आणि सुकू द्या. याच कारणाने कार्पेटच्या कामाला ग्राहकाने तक्रार कळवण्याची मुदत नेहमीच्या 24 तासांऐवजी 72 तास ठेवणं बरं.

पुन्हा सफाईला हात घालण्याआधी, ग्राहकाने मधल्या काळात स्वतः काय ओतलं ते विचाराच. वैतागलेला माणूस घरात असेल ते टाकून घासतो. ते ब्लीच असेल आणि त्यावर आपला आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर पडला तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइनची वाफ; दोन्ही विषारी. काय ओतलंय ते कळत नसेल तर खिडक्या उघडून ती जागा आधी भरपूर पाण्याने धुवा.

दुरुस्तीचं काम फक्त वादातल्या भागापुरतं करा. सगळं घर पुन्हा पुसून दिलं तर पहिलं सगळंच वाईट होतं असा अर्थ निघतो. काम संपल्यावर ग्राहकाला तिथेच दाखवा आणि ‘हा भाग आता ठीक आहे’ एवढा निरोप त्यांच्या फोनवरून मागून घ्या.

जो डाग निघतच नाही

यावरचे वाद सर्वांत चिवट असतात, कारण दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असतात. ग्राहकाला मळ दिसतो. खरं तर पृष्ठभागच बदललेला असतो. संगमरवरावर लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लाचा क्लीनर सांडला की दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि तिथली चमक जाते. हा डाग पुसून जात नाही; दगड घासून पॉलिश करावा लागतो, आणि ते वेगळं काम आहे. सांध्यांत भरलेल्या सिलिकॉनच्या पट्टीच्या आत शिरलेली काळी बुरशीही तशीच: वरून कितीही ब्लीच लावा, पट्टी कापून नवी भरल्याशिवाय ती जात नाही.

शॉवरच्या काचेवरचे पांढरे ठिपके क्षारांचे आहेत की काचच खराब झाली आहे, हे ग्राहकासमोर तपासता येतं. नाण्याएवढ्या जागेवर सौम्य आम्लाचं द्रावण पाच मिनिटं ठेवा, धुवा, सुकवा. फिकं झालं तर क्षार आहेत आणि काम पुढे करता येईल. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक काचच खराब झालेली आहे. शेजारी संगमरवर असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, नाही तर एका तक्रारीच्या दोन होतील.

अशा जागा काम सुरू होण्याआधीच दाखवायच्या असतात. फोटो काढून ‘हा डाग हलका होईल, पूर्ण जाईल असं नाही’ एवढं एक वाक्य पाठवून ठेवलं, तर हा वाद सहसा उभाच राहत नाही. कामानंतर तेच वाक्य सबबीसारखं वाटतं.

आपल्या हातून नुकसान झालं असेल तर

आपणच आधी सांगा. ग्राहकाला नंतर कळलं तर तुटलेल्या वस्तूपेक्षा लपवाछपवीचा राग मोठा असतो. वस्तूचा फोटो, वेळ, कुठलं रसायन वा साधन वापरलं आणि तेव्हा तिथे कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. विमा असेल तर भरपाईचा शब्द देण्याआधी विमा कंपनीला कळवा; परस्पर कबूल केलेली रक्कम कंपनी नाकारू शकते. भरपाई ठरवताना दुरुस्तीचा खर्च किंवा वस्तूची आजची किंमत धरा, नव्या वस्तूची नव्हे. आणि ती कामगाराच्या पगारातून कापू नका. बऱ्याच ठिकाणी त्यावर कायद्याची बंधनं आहेत, शिवाय पुढची तुटफूट मग कुणीही सांगणार नाही.

काही हरवल्याचा आरोप झाला तर ना मान्य करा, ना भांडा. कोण कुठल्या खोलीत किती वेळ होतं याची नोंद द्या आणि ग्राहकाला पोलिसांकडे जायचं असेल तर सहकार्य करू असं लिहून कळवा. कामगाराची झडती घेणं आपलं काम नाही.

किती पैसे कापायचे, याचं गणित

सूट अंदाजाने देऊ नका. काम वेळात मोजा. दोन माणसांनी तीन तास काम केलं म्हणजे 360 मिनिटं. बाथरूमला त्यातली 40 मिनिटं लागली असतील आणि ते बाथरूम पूर्ण फसलं असं धरलं, तरी वादाची रक्कम बिलाच्या 11 टक्के होते. हा हिशोब समोर मांडला की ‘अर्धेच देतो’ म्हणणारा बहुतेकदा खाली येतो. आधी मोफत दुरुस्ती देऊ करा. ती नको असेल तर तेवढाच कट द्या. दोन्ही एकदम देऊ नका.

उरलेली 89 टक्के रक्कम वादात नाही, ती लगेच मागा. ‘बाथरूमचं आपण बोलून ठरवू; बाकीच्या कामाची रक्कम आज पाठवावी,’ असं म्हटलं की कळतं, समोरच्याची नाराजी कामावर आहे की पैसे देण्यावर.

बिल अडतं कुठे

एकदाच होणाऱ्या मोठ्या सफाईला 30 ते 50 टक्के अ‍ॅडव्हान्स घ्या. बाकीची रक्कम ग्राहकासोबत फेरी मारून झाल्यावर, आणि ही दहा मिनिटांची फेरी बादल्या रिकाम्या करण्याआधी. सामान गाडीत चढल्यावर सापडलेला डाग म्हणजे दुसरी खेप.

ऑफिसच्या कामात काम सांगणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. तिथली बिलं बऱ्याचदा नाराजीमुळे अडत नाहीत. बिलावर ऑर्डर नंबर नसतो, किंवा ते चुकीच्या टेबलावर पडलेलं असतं. काम सुरू होण्याआधीच विचारा: बिल कोणाच्या नावाने, कुठल्या पत्त्यावर, महिन्याच्या कुठल्या तारखेपर्यंत?

बिलावर कामाची तारीख, आल्या-गेल्याची वेळ, कामांची यादी, ठरलेला दर, पैसे देण्याची अंतिम तारीख आणि तक्रारीची मुदत असावी. जास्तीचं काम झालं असेल तर त्याला होकार कधी मिळाला तेही लिहा. तोंडी सांगितलेलं ‘जाता जाता बाल्कनी पण करा’ हे वाक्य बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

मुदत टळली की दुसऱ्या दिवशी बिल जोडून साधी आठवण. सातव्या दिवशी फोन, आणि फोनवर जे ठरलं त्याचा निरोप. पंधराव्या दिवशी पुढची सेवा थांबवत असल्याचं लेखी कळवा. तिसाव्या दिवशी 14 दिवसांची शेवटची नोटीस, आणि मग लहान रकमांच्या दाव्यांची जी स्थानिक व्यवस्था असेल ती. उशिराचा आकार आधी लिहून ठरला असेल तरच लावा.

कमी रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून आली तर थांबा. ती स्वीकारल्याने बाकीचा हक्क संपला असं अनेक ठिकाणी मानलं जाऊ शकतं. हरकत लेखी नोंदवा, रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारा. तडजोड झालीच तर बिल नंबर, रक्कम, तारीख आणि दोन्ही बाजूंचं काही देणं-घेणं उरलं नाही, एवढं एका कागदावर.

कार्डाने दिलेले पैसे ग्राहकाने बँकेकडून परत ओढले, म्हणजे चार्जबॅक केला, तर उत्तराची मुदत काही दिवसांचीच असते. ग्राहकाच्या होकाराचा निरोप, आधीचे-नंतरचे फोटो, आल्या-गेल्याची नोंद, दुरुस्ती देऊ केल्याचा पुरावा आणि अटी, हे सगळं तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये द्या. राग ओतलेली तीन पानं तिथे कुणी वाचत नाही. आणि ते प्रकरण चालू असताना त्याच ग्राहकाला वेगळा परतावा देऊ नका, पैसे दोनदा जातात.

एक फसवणूक ओळखून ठेवा: अनोळखी ग्राहक कामाआधीच ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवतो आणि ‘चुकून गेले, फरक परत करा’ म्हणतो. आपण फरक पाठवतो, नंतर त्याचं मूळ पेमेंट बाउन्स होतं. पैसे आले त्याच मार्गाने, बँकेने पक्के केल्यावरच परत करा.

थकबाकीसाठी ग्राहकाची किल्ली अडवून ठेवू नका. शेजाऱ्यांना सांगणं, ग्रुपवर नाव टाकणं, हेही नको; तेवढ्याने पैसे येत नाहीत आणि आपली बाजू मात्र कमकुवत होते. जाहीर वाईट अभिप्रायाला एकच उत्तर: काय झालं, काय देऊ केलं, कुठे संपर्क करावा. पत्ता वा घरातला तपशील त्यात येऊ देऊ नका.

प्रत्येक बिलाच्या आदल्या दिवशी ज्याची तक्रार जन्माला येते आणि पाहणीत जिथे काही सापडत नाही, असा ग्राहक तिसऱ्या वेळी सोडून द्यावा. सोडताना ठरलेल्या मुदतीची नोटीस द्या, किल्ल्या परत केल्याची सही घ्या, अलार्मचा कोड बदलायला सांगा, आणि शेवटचं बिल त्याच दिवशी पाठवा.