आधी वर बघा: वेगळ्या जागी हवाई नृत्याचा प्रयोग करताना या चुका टाळा

वाड्याचा चौक, बंद पडलेली गिरणी, एखाद्या इमारतीची उंच कोरी भिंत. अशी जागा दिसली की हवाई नृत्य, म्हणजे दोरीला किंवा कापडाला लटकून नाच, करणाऱ्यांचे पाय शिवशिवतात. माझं काम दोऱ्या बांधायचं, त्यामुळे मला मात्र जागा बघायला गेल्यावर आधी मान वर करावी लागते. बाकीचे समोर बघत असतात, फोटो काढत असतात, प्रकाश कुठून येईल ते ठरवत असतात. पहिली चूक तिथेच होते. प्रयोग ज्याच्यावर लटकणार ती गोष्ट सगळ्यात शेवटी तपासली जाते.

एका वाड्यात सागवानी तुळई होती, चांगली फूटभर जाड. मालक म्हणाले, "एवढी वर्षं उभी आहे, तुमच्या पोरीच्या वजनानं काय होतंय?" शिडी लावून वर गेलो. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे कडेला बारीक पिवळसर भुसा साचलेला. दाभण टोचलं, तर जोर न लावता इंचभर आत गेलं. मधला भाग ठणठणीत, टोकं मात्र आतून पोखरलेली. त्या तुळईला आम्ही हात लावला नाही, चौकात स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा केला. देखणेपणा थोडा गेला, गेला तर गेला.

वजनाचा हिशोबही बहुतेक जण चुकतात. 60 किलोची मुलगी म्हणजे 60 किलो, असं धरतात. तीच मुलगी दोरी आडवी होईल इतक्या उंचीवरून झोका घेऊन खाली आली की झोक्याच्या तळाशी दोरीवर 180 किलोंचा ताण येतो. ‘सिल्क’वरून, म्हणजे वरून टांगलेल्या लांब कापडावरून, गिरकी घेत अचानक खाली यायचं असेल तर त्या झटक्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय मी हूक लावत नाही, आणि कुणी लावू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याहून फसवी चूक म्हणजे दोन खांबांमध्ये दोरी टाईट ताणून मधोमध कलाकाराला लटकवणं. दिसायला नीटनेटकं, पण दोरी जितकी सपाट तितका ताण जास्त. दोन बाजूंमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण भार येतो. 150 अंशांना जवळजवळ दुप्पट. वर हा ताण खांबांना आतल्या बाजूला ओढतो. वाड्याची भिंत वरून आलेलं ओझं पिढ्यानपिढ्या पेलते, पण आडव्या ओढीला ती बांधलेलीच नसते. दोरीला भरपूर झोळ पडू द्या, कोन 90 अंशांच्या आत ठेवा.

"हॉलमध्ये बरोबर बसतं, इथे ताल का चुकतो?" हा प्रश्न मला दर प्रयोगाला ऐकू येतो. उत्तर दोरीच्या लांबीत आहे. पाच मीटर दोरीचा झोका जाऊन परत यायला साधारण साडेचार सेकंद लागतात. वीस मीटरला नऊ. कलाकारानं कितीही जोर लावला तरी हा वेळ फारसा बदलत नाही. संगीत आधी पक्कं करून मग जागा शोधली की हे हमखास घडतं. जागेवर जा, दोरी लावा, झोका मोजा, मग संगीतकाराला बोलवा. लांब दोरीवर हालचाली कमी ठेवा. 1970 साली अमेरिकी नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी न्यूयॉर्कमधल्या वूस्टर स्ट्रीटवर एका माणसाला सात मजली इमारतीच्या भिंतीवरून सरळ खाली चालत आणलं. त्या रचनेत फक्त चालणं होतं, आणि तेवढं पुरलं.

भिंतीवर कलाकार गरगर फिरत असेल तर बहुतेक वेळा एका पायाचा रेटा जास्त पडतोय. दोन्ही तळवे एकाच वेळी टेकवायचा सराव करून घ्या.

आपल्याकडे दोरीच्या मल्लखांबातल्या मुली या कामाला फार चांगल्या. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरायची त्यांची पकड पाहत राहावी अशी. पण त्यांची दोरी सुती, उंची बेताची, अंगावर पट्टा (हार्नेस) नाही. त्यांना प्रयोगाच्या आदल्या दिवशी हार्नेस चढवून पंधरा मीटरवर सोडणं अन्यायाचं आहे. हार्नेसमध्ये वळण्याची सवय व्हायला काही आठवडे द्या.

गच्चीच्या कठड्यावरून जाणारी दोरी दर झोक्याला सिमेंटवर घासते, आणि ताणलेली दोरी सैल दोरीपेक्षा फार लवकर कापली जाते. कडेवर जाड गालिचा किंवा एज गार्ड (कडेवर बसवायचं संरक्षक आवरण) हवाच. तालमीनंतर दोरी डोळे मिटून बोटांतून फिरवा. जिथे मऊ लागेल किंवा पिंजलेली वाटेल, ती दोरी बाद.

तालीम प्रयोगाच्याच वेळेला घ्या. डिसेंबरात रात्री नऊला उघड्यावरचं कापड दवानं गार आणि निसरडं होतं, दुपारी त्याचा पत्ताही नसतो. प्रेक्षकांना भिंतीच्या पायथ्याशी बसवू नका. तिथून नुसते तळवे दिसतात, आणि वरून सुटलेली हेअरपिनसुद्धा लागते.

सगळ्यात जास्त टाळली जाते ती सुटकेची तालीम. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत भोवळ येऊ शकते, अग्निशमन दल येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून दोरी अशी बांधा की वजन असतानाही ती आपल्याच माणसाला सोडता येईल. आम्ही आधी वाळूचं पोतं खाली घेतो, मग कलाकाराला. तो हातपाय ढिले सोडून, डोळे मिटून लटकतो, एकजण घड्याळ लावतो. पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा मिनिटं लागली होती. त्या संध्याकाळी प्रयोगाची तालीम रद्द करून आम्ही एवढंच पुन्हा पुन्हा केलं, वेळ दोन मिनिटांवर येईपर्यंत.