मटणाचा तुकडा बोकडाच्या कुठल्या भागाचा, हे हाडावरून कसं ओळखावं

खान्देशात आखाड लागला की गावोगाव बोकड कापला जातो आणि वाटे पडतात. एका वाट्यात रान (म्हणजे मागची मांडी), खांदा, सीना, मान, चाप असं सगळंच थोडंथोडं येतं. ते सगळं एकाच वेळी पातेल्यात टाकलं, की चापाचं मांस हाडापासून सुटून रश्शात विरघळतं आणि मानेचा तुकडा मात्र दाताखाली रबरासारखा राहतो. मग बोकड जून होता, असं म्हणून मोकळं व्हायचं. बोकड कोवळा असला तरी हे होतंच, कारण जो भाग चालण्या-चरण्यात जास्त राबतो तो शिजायला जास्त वेळ घेतो. म्हणून तुकडा कुठला आहे ते आधी कळलं पाहिजे.

दुकानात बोकड मागच्या पायांवर उलटा टांगलेला असतो. वरून खाली क्रम असा: रान, कंबर, चाप आणि फासळ्या, खांदे, शेवटी मान. सीना म्हणजे छातीचा, पोटाकडचा भाग.

चाप कुणालाही ओळखता येतो. वाकडी चपटी फासळी, तिच्या टोकाला मणक्याचा तुकडा आणि मधे गोल मऊ मांस. बोकडाला फासळ्यांच्या तेरा जोड्या असतात, त्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला चाप येतोच. सीन्याचं हाड इतकं मऊ असतं की सुरीनं कापलं जातं, आणि त्यात मांस व चरबीचे थर एकावर एक दिसतात.

खरी पंचाईत रान आणि खांदा वेगळे करताना होते. मलाही हेच सगळ्यात उशिरा जमलं. "गोल नळीचं हाड दिसलं की रान समजा," हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. पुढच्या पायातही नळीच असते, तिच्यातही मगज, म्हणजे हाडातला मऊ गर, असतो. नळीवर विसंबून रानेचे पैसे मोजाल आणि खांदा घरी आणाल.

त्याऐवजी तीन गोष्टी बघा. पहिली, चपटं हाड. पातळ, त्रिकोणी, पानासारखं आणि एका बाजूला उभी कड असलेलं हाड दिसलं, तर तो खांदाच. रानेत असं हाड नसतं. दुसरी, गुडघ्याखालचा भाग. मागच्या पायात तिथे एकच स्वच्छ हाड असतं. पुढच्या पायात कोपराखाली मुख्य हाडाला चिकटून दुसरं बारीक हाड असतं आणि वर कोपराचं टोक मागे आलेलं असतं. गुडघ्याची सुटी छोटी वाटी सापडली तर शंकाच नको, ती फक्त मागच्या पायात असते. तिसरी गोष्ट मांसाची. तुकडा बोटांनी जरा फाकवून बघा. रानेचं मांस मोठ्या, सलग गड्ड्यांचं असतं. खांद्याचं मांस लहान लहान पट्ट्यांचं, आणि प्रत्येक पट्टीमध्ये पांढरा पडदा नाहीतर चरबीची रेघ. हाड काढून टाकलेल्या मटणातसुद्धा ही खूण चुकत नाही.

दुकानात संकोच करू नका. "भाऊ, हाई रान शे का खांदा?" असं सरळ विचारा. नुसतं "चांगलं द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जे समोर असेल तेच मिळतं.

आणि रश्श्यासाठी रानच मागायची सवय सोडा. रान सुक्क्याला आणि खिम्याला उत्तम, पण आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ती कोरडी पडते. खांद्यातले पांढरे पडदे सावकाश शिजले की विरघळतात, त्यानं रस्सा दाट होतो आणि ओठांना चिकटतो. सीना तर्रीला चरबी देतो. किलोभर घेताना मी निम्मा खांदा, पाव किलो सीना आणि उरलेलं मान व नळ्या असं घेते. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर चुरून खायला असाच रस्सा लागतो.

मानेबद्दल एक सावधगिरी. तिच्या मणक्यांच्या वरच्या बाजूनं एक जाड पिवळसर शीर जाते. पांढरे पडदे विरघळतात तशी ही विरघळत नाही. कितीही शिट्ट्या काढा, ती तशीच राहते. दुकानातच ओढून काढायला सांगा. वाट्यात आली असेल तर घरी धारदार सुरीनं काढा.

आता शिजवणं. मान, नळ्या आणि सीना हळद-मीठ लावून आधी चढवा. ते निम्मे शिजत आले की खांदा आणि रान टाका. चाप आणि कंबरेचे तुकडे सगळ्यात शेवटी, वाटलेला मसाला परतून रस्सा उकळायला लागल्यावर. नळ्या पातेल्यात शक्यतो उभ्या ठेवा, म्हणजे मगज आतच राहतो.